हुंदळेकरी

"परोपकारी?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर, परोपजीवी," हेमलता म्हणाली.

प्राचार्य बेळगुंदकरांनी हातातला कप बशीत ठेवला, उठून केबिनचं दार लावलं आणि परत येऊन बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारी?"

"हो सर. ही वनस्पती जंगलातल्या झाडांच्या मुळांवर वाढते. पानं नाहीत, हिरवा रंग नाही, स्वतःचं अन्न स्वतः करत नाही. झाडानं कमावलेलं मुळाला चिकटून ओढून घेते. म्हणून म्हटलं, बापूसाहेबांचं नाव हिला नको. पुढं दुसरं काही सापडलं तर त्याला देऊ."

"दुसरं कधी सापडेल?"

"सांगता येत नाही सर. नवी जात काही रोज सापडत नाही."

"आणि साहेबांचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे." सरांनी मुद्दा निकालात काढला. "हे तुम्ही आणखी कुणाला बोललात?"

"फक्त नाईकताईंना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मला केबिनमध्ये बोलावणं आलं की ते मानपत्रासाठीच असणार, हे कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी मराठी शिकवत असे. मुलांना त्यातलं किती आलं ते परीक्षकांना माहीत, पण मानपत्रं मी झकास लिहीत असे. 'कर्मयोगी', 'ज्ञानगंगेचे भगीरथ', 'तालुक्याचे भाग्यविधाते' ही सगळी माझीच पोरं. बापूसाहेबांना दरवर्षी एक नवं विशेषण लागायचं आणि त्या वर्षी तर अमृतमहोत्सव होता.

"तो शब्द या आवारात पुन्हा कुणी उच्चारायचा नाही," सर म्हणाले. "लॅटिनमध्ये काय ते म्हणा, मराठीत नको. नाईक मॅडम, दुसरा शब्द काढा."

"मुळांना धरून राहते ना? मग मूलनिष्ठ म्हणू या," मी म्हटलं.

मी थट्टा करत होते. सरांचा चेहरा मात्र दिवा लावल्यासारखा उजळला.

"मूलनिष्ठ! मुळांशी इमान! मातीशी नातं! वा मॅडम, वा!" त्यांनी तो शब्द समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर थट्टा करायची सोडून दिली.

आमचं आंबेखोल म्हणजे घाटमाथ्यावरचं तालुक्याचं गाव. एका बाजूला खाली कोकण, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मध्ये हे दाट, ओलं जंगल. गावात शिकायचं तर हुंदळेकर शिक्षण मंडळात, नोकरी करायची तर तीही तिथंच आणि मत द्यायचं तर तेही हुंदळेकरांनाच. बापूसाहेब हुंदळेकरांनी तरुणपणी एक हायस्कूल काढलं, त्याला लोकांनी जमिनी दिल्या, बायाबापड्यांनी डोक्यावरून दगड वाहिले. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांची नावं पायऱ्यांवर कोरली आणि बापूसाहेबांचं कमानीवर. पायऱ्यांवरची नावं पोरांच्या चपलांनी केव्हाच झिजून गेली. कमान दर दिवाळीला रंगवायचे.

हेमलता खोराटे आमच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर रामराम. मार्चमध्ये तिला मोकळं करायचे आणि जूनमध्ये नव्यानं अर्ज लिहून घ्यायचे, असं आठ-नऊ वर्षं चाललं होतं. विभागाचं सगळं काम तिच्याच अंगावर. कुठली तपासणी समिती आली की फायली तिनं रंगवायच्या आणि समितीच्या दिवशी मात्र तिनं घरी बसायचं, कारण कायम नसलेली माणसं दिसली तर कॉलेजची श्रेणी उतरते. नवरा दूध संघात होता, समंजस होता. सासू तेवढी समंजस नव्हती. सणासुदीला घर भरलं की ती सगळ्यांदेखत विचारायची, "आमची सून कधी कायम व्हायची कुणास ठाऊक. देवीला बोललेय मी, पण देवीचंही त्या मंडळापुढं काही चालत नाही."

तर ही वनस्पती तिला कशी सापडली, ते सांगायला हवं, कारण पुढं भाषणांत त्याची फार वेगळी कथा झाली. आदल्या डिसेंबरात ती मुलींची सहल घेऊन जंगलात गेली होती. दुपारी तिला आडोशाला जाणं भाग पडलं. मुलींना थांबवून ती दूर एका जांभळाच्या बुंध्यामागं गेली, बसली, आणि समोर पाहते तर पाचोळ्यातून लालसर, मांसल अंगठ्यासारखं काहीतरी वर आलेलं. एक नाही, चांगली सात-आठ. आधी तिला अळंबी वाटली. मग तिनं माती उकरली आणि ते जांभळाच्या मुळाला चिकटलेलं पाहिलं, तेव्हा ती आपण कशाला आलो होतो तेच विसरली. पुण्यातल्या तज्ज्ञांकडे नमुने गेले, पत्रापत्री झाली, आणि पावसाळा संपता संपता उत्तर आलं की ही जात आजवर कुठं नोंदलेली नाही. शोधनिबंध लिहा, नाव द्या.

तिला आंबेखोलचंच नाव द्यायचं होतं. तिनं ते मनाशी ठरवलंही होतं. पण ही बातमी प्राचार्यांना कळली, आणि त्यांच्या डोक्यात लखकन वीज चमकली: बापूसाहेबांच्या आडनावावरून 'हुंदळेकरी'!

त्या दिवशी केबिनमधून आम्ही निघणार, तेवढ्यात सर हेमलताला म्हणाले, "जानेवारीत तुमच्या विभागाचं पद भरायचंय. कायम पद. बापूसाहेबांचा मूड चांगला असला पाहिजे, एवढं तुम्ही बघा. बाकीचं मी बघतो."

बाहेर आल्यावर ती व्हरांड्यात थांबली.

"ताई, मी दोनदा सांगितलं ना त्यांना?"

"सांगितलंस."

"मग माझं काही चुकलं नाही." असं म्हणून ती तासाला गेली.

पुढचे तीन-चार महिने कॉलेजात दुसरा विषय नव्हता. सरांनी आधी शंभर कुंड्या मागवल्या.

"शंभर रोपं करा," ते हेमलताला म्हणाले. "मंडळाच्या प्रत्येक शाळेच्या दारात एकेक हुंदळेकरी लावू."

"सर, कुंडीत येत नाही ती. तिला दुसऱ्याचं मूळ लागतं."

"मग कुंडीत दुसरं एखादं झाड लावा, त्याच्यावर हिला बसवा."

"हिला चांगलं मोठं, धडधाकट झाड लागतं सर. कुंडीतलं पुरत नाही."

सरांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. तिचा चेहरा अगदी सरळ होता. शेवटी कुंड्यांत शेवंती लावली आणि बाटलीत घातलेला एक नमुना समारंभात भेट द्यायचा ठरला.

जानेवारीत मुलाखती झाल्या. समितीतल्या एकानं हेमलताला विचारलं, तुम्हाला मुलं किती? दुसऱ्यानं विचारलं, घाटाकडची थंडी सोसते का? तिच्यानंतर बापूसाहेबांची पुतणसून आत गेली. नुकतीच एमएस्सी झालेली, अंगानं नाजूक, स्वभावानं गरीब. तिला समितीनं विचारलं, चहा घेणार का? पद तिला मिळालं. बिचारीनं बाहेर आल्यावर हेमलतालाच विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिकलच्या पेट्यांच्या किल्ल्या कुठं असतात?"

हेमलतानं तिला किल्ल्या काढून दिल्या.

प्राचार्य दोन दिवस तिला चुकवत राहिले. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली, तेव्हा म्हणाले, "वरून आलं हो मॅडम. माझ्या हातात काही नव्हतं. पुढच्या वेळी तुमचंच नाव पहिलं."

त्या रविवारी ती माझ्या घरी आली. निबंधाची छपाईपूर्व प्रत तिच्या हातात होती. शेवटचं तपासून पाठवायचं, मग झालं.

"अगं, मग खोड ते नाव!" मी म्हटलं. "अजून छापलेलं नाही ना? आंबेखोलचं घाल. नाहीतर तुझ्या सासूचं घाल, पण त्यांचं काढ."

"नको ताई."

"नको काय? त्यांनी शब्द पाळला का?"

"त्यांचं त्यांच्यापाशी." तिनं प्रत मांडीवर ठेवली आणि हातानं सारखी केली. डोळे सुजलेले होते, पण त्या दिवशी रडली नाही. "या महिन्यात मी खूप विचार केला. याच्याइतकं बरोबर नाव मला दुसरं सुचत नाही."

मला वाटलं, वैतागून बोलतेय. मी तिला कांदेपोहे करून घातले आणि विषय सोडून दिला.

अमृतमहोत्सवाचा दिवस उजाडला तो वाजतगाजतच. एसटी स्टँडपासून कॉलेजच्या कमानीपर्यंत फलक लागले होते. एकीकडे हात जोडलेले बापूसाहेब, दुसरीकडे त्यांच्याहून दोन हात उंच तो लालसर, मांसल, गुळगुळीत अंगठा, आणि मध्ये माझा शब्द – 'मूलनिष्ठ'. बाजारच्या बायका फलकाकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि तोंडाला पदर लावून पुढं सरकायच्या. स्टँडवरच्या पानपट्टीवाल्यानं मला विचारलं, "मॅडम, साहेबांचं नवं निवडणूक चिन्ह काय हो हे? मारायचा कशावर शिक्का, तेवढं सांगून ठेवा."

मांडव गच्च भरला होता. व्यासपीठावर हारांचा ढीग. प्राचार्यांनी प्रास्ताविक केलं. "आमच्या प्राध्यापिका सौ. खोराटे यांनी अनेक वर्षं रानोमाळ भटकून, काट्याकुट्यांत, जीव धोक्यात घालून हा शोध लावला," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा हेमलतानं खाली मान घातली. मला जांभळाचा बुंधा आठवला आणि मी ओठ दाताखाली धरले. पुढं सर म्हणाले, "बापूसाहेबांसारखीच ही वनस्पती मुळांशी एकनिष्ठ आहे! ती कधी मूळ सोडत नाही! कितीही संकटं आली तरी सोडत नाही!" टाळ्या.

मग मी मानपत्र वाचलं. ते चांगलं झालं होतं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर मखमलीच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पुढं आली. औषधी पाण्यात राहून नमुन्याचा लाल रंग कधीच गेला होता. बापूसाहेबांनी फडकं काढलं, बाटली डोळ्यांसमोर धरली, हलवली.

"हे लोणचं कसलं रं?" त्यांनी माईकमध्येच विचारलं.

मांडवात हशा पिकला. बापूसाहेबांना हशा आवडायचा. पंचाहत्तरीतही माणूस तल्लख होता, भाषणापेक्षा सवाल-जवाबात रमणारा. त्यांनी मागं वळून विचारलं, "हे शोधलं ती पोरगी कुठं हाय? आण तिला पुढं."

प्राचार्य लगबगीनं उठले. "साहेब, मी सांगतो सगळं..."

"तुम्ही बसा. तुमचं ऐकलं. पोरी, ये."

हेमलता पुढं गेली. साधी अबोली रंगाची साडी, हातात रुमाल. कुणीतरी तिच्यासमोर दुसरा माईक धरला.

"नाव माझं दिलंस म्हणं?"

"हो साहेब."

"बरं केलंस. आता ह्या लोकांना सांग, ही वनस्पती करती काय? पानं कशी असतात हिची?"

"पानं नसतात साहेब."

"नसतात? आणि मुळं?"

"स्वतःची नसतात."

बापूसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मांडव जरा शांत झाला. प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठून मला खुणा करत होते, जणू मी तिथं काही करू शकणार होते.

"आयला! पान न्हाई, मूळ न्हाई. मग खाती काय ही?"

मी हेमलताकडे पाहत होते. तिला 'मूलनिष्ठ' म्हणता आलं असतं. 'निसर्गाची किमया' असं काहीतरी म्हणून खाली उतरता आलं असतं. तिनं रुमालाची घडी केली आणि वर्गात उत्तर द्यावं तसं स्पष्ट उत्तर दिलं.

"झाडाचं खाते साहेब. झाड मुळांनी पाणी ओढतं, पानांत अन्न तयार करतं, ते मुळांकडे पाठवतं. ही तिथं बसलेली असते. ती ते घेते."

"झाड काय म्हणत न्हाई?"

"झाडाला कळत नाही."

"दिसत असंल की."

"वर्षभर दिसत नाही. जमिनीखाली असते. फुलायची वेळ आली की तेवढी वर येते. मोसम संपला की पुन्हा दिसत नाही."

मागच्या रांगेतून एक बाई हसली. एकच, पण मनापासून, फुस्सदिशी. तिच्या शेजारचा हसला. मग ते हसणं मांडवभर पसरत पुढं आलं. बापूसाहेबांचे मोसम लोकांना चांगले ठाऊक होते; दर पाच वर्षांनी येत. पुढच्या रांगेतले संचालक हसू दाबून छताकडे बघू लागले. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, संपलं. आता हा म्हातारा हिला इथंच फाडून खाणार.

बापूसाहेब हसणं थांबायची वाट बघत उभे राहिले. घाई नाही, राग नाही. मग त्यांनी विचारलं, "एक सांग पोरी. झाड मरतं का?"

हेमलता जरा अडखळली. "नाही साहेब. मरत नाही सहसा. झाड मेलं तर हीपण मरेल."

"ऐकलंसा का?" बापूसाहेबांनी बाटली उंच धरली. "झाड मरत न्हाई! अरं, खाणारे पुष्कळ आले ह्या तालुक्यात. झाडं मुळासकट उपटून घेऊन गेले, पत्ता न्हाई कुणाचा. मी हितंच हाय. माझं झाडबी हितंच हाय, हिरवंगार! मुळाशी बसून झाड जगवायला अक्कल लागती, गड्यांनो. येड्यागबाळ्याचं काम न्हवं ते!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मांडवाचं कापड हललं. शिट्ट्या वाजल्या. 'बापूसाहेब आगे बढो' सुरू झालं. पायऱ्यांवर ज्यांच्या आजोबांची नावं होती, तेच सगळ्यांत पुढं उभे राहून टाळ्या पिटत होते. बाटली हातोहात फिरली, लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले.

हेमलता माईकपाशी तशीच उभी होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता, मुलाखतीच्या दिवशीही नाही. खरं बोलायला आयुष्यभराचं धाडस गोळा करावं आणि समोरच्यानं ते हारासारखं गळ्यात घालून घ्यावं, अशी तिची गत झाली.

व्यासपीठावरून उतरताना बापूसाहेब तिच्यापाशी थांबले.

"गुणाची हाईस," ते म्हणाले. "पण कायम व्हायचं तर गप बसायला शिकावं थोडं."

"मुलाखत झाली साहेब. गेल्या महिन्यात."

"व्हय? कुणाला घेतलं?"

"तुमच्या पुतणसुनेला."

म्हातारा खो खो हसला. "बघा," तो प्राचार्यांना म्हणाला, "मला कुणी काय सांगतच न्हाई." आणि जेवायला निघून गेला.

जूनमध्ये हेमलताला कॉलेजनं बोलावलं नाही. नवऱ्यानं बदली मागून घेतली आणि ती गडहिंग्लजला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. बापूसाहेबांनी तर ती संपवलीच होती. पण मांडवात टाळ्या वाजवून लोक घरी गेले आणि जेवायला बसले की त्यांना आठवायचं.

पहिल्यांदा तो शब्द मी हॉस्टेलच्या पोरांकडून ऐकला. एक मुलगा स्वतःचा डबा न आणता रोज दुसऱ्यांच्या डब्यांत हात घालायचा. तो येताना दिसला की बाकीचे ओरडायचे, "झाका रे, हुंदळेकरी आला!" मग बाजारात ऐकला. भाजीवालीचा जावई दिवाळसणाला म्हणून आला तो शिमग्यापर्यंत राहिला. ती गिऱ्हाइकाला सांगत होती, "काय सांगू बाई, हुंदळेकरी बसलाय माझ्या घरात, पान न्हाई का मूळ न्हाई." वर्षभरात तालुक्याला तो शब्द असा चिकटला की लहान पोरांना तो माणसाच्या आडनावावरून आलाय हेसुद्धा माहीत नसायचं. आमच्या कॉलेजात निबंधात एका मुलीनं लिहिलं, 'भ्रष्टाचार ही समाजाच्या मुळावरची हुंदळेकरी आहे.' मी तिला दहापैकी आठ दिले.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. बापूसाहेबांचा मुलगा उभा होता. विरोधकांना काही नवं शोधावं लागलं नाही. कॉलेजनंच काढलेला तो अंगठ्याचा फोटो त्यांनी गावोगाव लावला आणि खाली तीनच ओळी छापल्या – 'पान नाही. मूळ नाही. मग खातंय कोण?' मुलगा पडला. हुंदळेकरांच्या घरात कुणी पडायची ती पहिलीच वेळ.

लोकांनी हसलेलं बापूसाहेबांना चालायचं. मतं कमी पडलेली नाही. त्यांनी प्राचार्यांना वाड्यावर बोलावून एवढंच सांगितलं, "ते नाव काढा."

म्हणून एका दुपारी सर आणि मी गडहिंग्लजला हेमलताच्या शाळेत जाऊन बसलो. मला का नेलं, हे सरांनी सांगितलं नाही. तिला माझी भीड पडेल, असा हिशेब असावा. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिघंच. सर चांगलेच खंगले होते.

"मॅडम, झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "तुमची ऑर्डर तयार आहे. कायम पद. मुलाखत नाही, काही नाही. पुतणसूनबाई तशाही अमेरिकेला गेल्यात. तुम्ही फक्त ते नाव बदलून टाका. तुमच्या आंबेखोलचं द्या की. किती सुंदर नाव!"

हेमलतानं टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. या एका कागदासाठी तिनं आठ-नऊ वर्षं मार्चमध्ये घरी जाऊन जूनमध्ये परत अर्ज लिहिला होता, आणि आता तो कागद प्राचार्यांच्या पिशवीत होता, टेबलाच्या पलीकडे. मला वाटलं, ही हो म्हणणार. नुसतं 'प्रयत्न करते सर' म्हटलं असतं तरी ऑर्डर हातात पडली असती. काम झालं नाही हे सरांना कळेपर्यंत ती कायम होऊन बसली असती. मी तिच्याकडे बघून मान हलवलीसुद्धा. म्हण बाई, म्हण.

"सर, ते नाव बदलता येत नाही," ती म्हणाली.

"का? तुम्हीच दिलंय ना?"

"मीच दिलंय. पण एकदा छापून आलं की देणाऱ्याचासुद्धा त्याच्यावर हक्क राहत नाही. सगळ्या जगाचा एकच नियम आहे."

"चुकून दिलं असं कळवा."

"स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्त करतात. माणूस चुकला असेल तर नाही."

"पण ते नाव शोभत नाही, अशी तक्रार केली तर?"

"शोभत नाही म्हणून बदलायचं नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलंय," ती म्हणाली. "आणि सर, शोभत नाही असं मी लिहून तरी कसं देऊ?"

प्राचार्यांनी रुमालानं मान पुसली. "म्हणजे कायमचं?"

"हो. त्या कॉलेजात कुणीतरी कायम झालं, एवढं समाधान."

ती पहिल्यांदा हसली. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला कळलं की त्या रविवारी माझ्या घरी छपाईची प्रत मांडीवर सारखी करताना ती वैतागलेली नव्हती, तिचं ठरलेलं होतं. तेव्हाच तिला हा नियम पाठ होता.

सर काकुळतीला आले. "मॅडम, मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय. माझं पेन्शन त्यांच्या सहीवर आहे. काहीतरी उपाय असेल हो. काहीतरी!"

हेमलतानं खरोखरच विचार केला. घंटा झाली, पोरं आरडाओरड करत वर्गात शिरली. ती उठली, पुस्तक काखेत घेतलं.

"एक उपाय आहे," ती म्हणाली. "वनस्पतीचं नाव बदलता येत नाही, पण माणसाचं येतं. बापूसाहेबांनी आडनाव बदलावं. राजपत्रात छापून येतं. फार खटपट नाही सर, साधा अर्ज आहे."

ती वर्गात निघून गेली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, सर आता भडकणार, अपमान झाला म्हणून उठणार. पण सर भडकले नाहीत. कपाळाला आठ्या घालून ते बराच वेळ विचार करत होते.

"नियमात बसतंय," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले. मग पिशवी छातीशी धरून माझ्याकडे वळले. "पण नाईक मॅडम, हे त्यांना सांगायचं कुणी?"